फडफडीची प्रतवारी

यवतमाळ जिल्ह्यात माणूस मान वर करून आभाळाकडे बघतो तो मृगाच्या तोंडावर. एरवी इथलं सगळं लक्ष खाली : कपाशीचं बोंड, बोंडातली अळी, तुरीची शेंग आणि रस्त्यातले खड्डे. जून लागला की सोळाही तालुके एकदम वर बघू लागतात. ढग असतील तर ढग बघतात, नसतील तर जे काही उडत असेल ते बघतात. ढग बहुधा नसतात. त्यामुळे आमच्याकडे पक्षीनिरीक्षणाची एक जुनी, नाइलाजाची परंपरा आहे.

आमचे शेजारी काकाजी हे या परंपरेचे आजचे आधारस्तंभ. ते माझे काका नव्हेत. यवतमाळात पन्नाशी ओलांडलेला पुरुष आपोआप काकाजी होतो, त्यासाठी पुतण्याची गरज नसते. हे काकाजी मात्र साधेसुधे नाहीत, कारण ते एके काळी कापसाचे ग्रेडर होते. नव्या पिढीला ग्रेडर म्हणजे काय ते सांगावं लागतं. 1972 मध्ये राज्यात एकाधिकार कापूस खरेदी योजना सुरू झाली आणि वऱ्हाडात कलेक्टरच्या खालोखाल ग्रेडरला मान आला. जिनिंगच्या फाटकापासून पार डांबरी रस्त्यापर्यंत बैलगाड्यांची रांग लागलेली असायची. ग्रेडर यायचे, गाडीतून चिमूटभर कापूस उपसायचे, दोन अंगठ्यांत धरून ताणायचे, धाग्याची लांबी बघायचे, रंग बघायचे, ओल बघायचे, कचरा बघायचे आणि निकाल द्यायचे. त्या निकालावर गाडीवाल्याच्या पोरीचं लग्न या साली की पुढच्या साली, ते ठरायचं.

पुढे योजना गेली, काकाजी निवृत्त झाले, बैलगाड्या ट्रॅक्टरच्या झाल्या. पण बोटांची सवय गेली नाही. आता ते भाजीवाल्याची ग्रेडिंग करतात, सुनेच्या चहाची करतात (मनातल्या मनात) आणि संध्याकाळी स्लॅबवर खुर्ची टाकून पक्ष्यांची करतात. पद्धत तीच. पक्षी दिसला की डोळे बारीक करायचे, उडणं बघायचं आणि जाहीर करायचं. सुपर, फेअर, नाही तर कवडी.

जाता जाता सांगतो, वन्यजीव संरक्षण कायदासुद्धा 1972 चाच. सरकारनं एकाच साली आमचा कापूसही ताब्यात घेतला आणि पोपटही. कापूस पुढे सुटला. पोपट काही सुटला नाही. आजही देशी पोपट पिंजऱ्यात ठेवला तर आत तो असतो, पण अडकतो आपण.

काकाजींच्या पक्षीशास्त्राचं सूत्र एकच आहे : उडण्यावरून स्वभाव कळतो. घारीपासून सुरुवात.

“पाय, पाय तिच्याकडं. अर्धा घंटा झाला, पंख हालवाचं नाव नाई. ऐदी. फेअरच्या खाली.”

मी म्हटलं, “काकाजी, ती ऐदी नाही, हिशेबी आहे.” घारीचं वजन असतं पाऊण किलोच्या आगेमागे आणि पंख पसरले की या टोकापासून त्या टोकापर्यंत जवळजवळ दीड मीटर. एवढ्या मोठ्या पसाऱ्यावर एवढंसं ओझं. जमीन तापली की गरम हवेचे झोत वर चढतात. घार त्या झोतात शिरते आणि गोल गोल फिरत राहते, म्हणजे झोतातून बाहेर पडू नये. हवा चढते, हवेबरोबर घार चढते. पंखांच्या टोकाची पिसं बोटांसारखी फाकलेली असतात, त्यानं टोकाशी होणारे हवेचे भोवरे सौम्य होतात आणि ताकद वाया जात नाही. वळायचं झालं तर शेपटी नुसती तिरकी करायची. सकाळी सात-आठला घार पाण्याच्या टाकीवर बसलेली दिसते ती जमीन तापायची वाट बघत. यवतमाळात, त्यातून मे महिन्यात, जमीन तापण्याची वाट फार वेळ बघावी लागत नाही. पारा 45 च्या आसपास पोचला की माणसं कूलरपुढं आडवी होतात आणि घारी वर चढतात.

काकाजींनी विचार केला. “म्हंजे पेट्रोल फुकटात?”

“फुकटात.”

“मंग आधी सांगाचं ना बावा. सुपर.”

तित्तराच्या बाबतीत मात्र ते ऐकायला तयार नव्हते. शेतात चालताना तित्तर पायाखाली येईपर्यंत बसून राहतं, मग एकदम फर्रकन उडतं, आपलं काळीज तोंडात येतं, आणि शे-दीडशे पावलांवर जाऊन पुन्हा झुडपात बसतं. काकाजींच्या मते ते भेकडही आहे आणि आळशीही. “पळाचंच होतं त लांब पळ ना लेका.”

याचं उत्तर काकाजींच्या ताटात होतं. कोंबडी तित्तराच्याच खानदानातली. कोंबडीच्या छातीचं मांस पांढरं आणि टांगेचं काळपट असतं, हे काकाजींना कुणी शिकवायला नको, ते टांग कुणाला देत नाहीत. छातीचा स्नायू म्हणजे पंख हलवणारा स्नायू. तो पांढरा आहे, कारण त्यात रक्ताचा पुरवठा कमी आणि एकदम भडका उडवण्याची तयारी जास्त. असा स्नायू पहिल्या काही सेकंदांत अफाट जोर लावतो आणि मग दमतो. टांगेला दिवसभर चालायचं असतं, म्हणून तिथला स्नायू रक्तानं भरलेला, काळसर, दमदार. तित्तराला कोल्ह्याच्या तोंडातून निसटायचं असतं, गावाला जायचं नसतं. त्याचे पंखही तसेच आखूड आणि गोलसर, झुडपातून सरळ वर उसळण्यापुरते. याउलट कबुतराची छाती लाल-काळी. कबुतर मैलोन् मैल उडतं.

“म्हंजे तित्तराचं लेग पीस चांगलं?”

हा प्रश्न मी कायद्याच्या भीतीनं ऐकला नाही.

मग हुदहुद आला. त्याचं उडणं म्हणजे वर-खाली, डावीकडे-उजवीकडे, जणू कुठं जायचं तेच विसरला. त्याच्या पाठोपाठ सुतार पक्षी. तो पंख चार वेळा मारतो, वर चढतो, मग पंख अंगाशी घट्ट मिटून घेतो आणि दगडासारखा खाली येतो, पुन्हा पंख मारतो, पुन्हा वर. हवेत एक मोठी नागमोडी रेघ. काकाजींनी दोघांना एकदमच कवडी दिली.

“हे घेऊन आले.”

ही शंका अगदीच निराधार म्हणता येत नाही. नदीपलीकडे वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे, अलीकडे यवतमाळात नाही. काकाजींचं म्हणणं असं की सुतार पक्षी वर्ध्याकडून येताना सरळ येतो, जाताना असा जातो. मी त्यांना सांगितलं की तो दोन्ही वेळा असाच जातो आणि त्यात पैसे वाचवतो. पंख उघडे असले की ते हवेला अडवतात. मिटून घेतले की अडवणूक संपते. छोट्या पक्ष्याच्या अंगात ताकद जास्तीची असते, म्हणून थोडा वेळ जोर लावायचा, उंची कमवायची आणि मग काही क्षण पंख मिटून ती खर्च करायची, हा सौदा त्याला परवडतो. धोबी असाच उडतो, मुनिया अशीच उडते. मोठ्या पक्ष्याला हे जमत नाही. तो पंख मिटून खाली आला तर पुन्हा वर चढायला त्याच्याकडे जोर उरत नाही.

“कर्जावर कर्ज,” काकाजी म्हणाले. हे शास्त्र यवतमाळात लवकर कळतं.

अशा तऱ्हेनं आमचं विद्यापीठ चालू असताना त्यांच्या घरी कॉकाटील आला. नातू पुण्याला नोकरीला, त्याला कंपनी बंगळुरूला हलवणार, म्हणून पक्षी आजीकडे. राखाडी अंग, पिवळा चेहरा, गालावर रुपयाएवढा नारिंगी टिकला आणि डोक्यावर तुरा. काकीजींनी त्याला बघताक्षणी कुंकवाची सवय लावायचा विचार केला, इतका तो घरातला वाटला.

पिंजऱ्याचं दार उघडलं की कॉकाटील सुटायचा तो सरळ. खोलीत सरळ उडायला जागा नसल्यामुळे भिंत आली की वळायचा, पण उडायचा सरळच. आता प्रश्न असा की छताला पंखा. पंखा चालू ठेवला तर पक्षी जाईल, बंद केला तर माणसं. काकीजींनी निकाल दिला, पंखा बंद. मे महिन्यात, दुपारी, कूलरची ताटी कोरडी पडलेली असताना, अख्खं घर घामाच्या धारांत बसून एका ऑस्ट्रेलियन पाहुण्याचं उडणं बघत होतं. पाहुण्याला काहीच वाटत नव्हतं. त्याचं मूळ गाव ऑस्ट्रेलियाच्या मधल्या कोरड्या मुलखात, तिथंही उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. यवतमाळचा मे म्हणजे त्याला घरचंच जेवण.

कॉकाटील हा कॉकाटू घराण्यातला सगळ्यांत धाकटा, वजन उणंपुरं नव्वद ग्रॅम. घराणं मोठं आहे, एकवीस जातींचं, आणि प्रत्येकाची उडायची तऱ्हा वेगळी. नातवानं फोनवर व्हिडिओ पाठवले आणि काकाजींचा स्लॅब ऑस्ट्रेलियात गेला. काळे कॉकाटू दिसले. चांगले पाऊण-एक किलोचे, लांबरुंद पंखांचे, आणि पंख हलवतात ते अशा सावकाशीनं की हवेला विचारून हलवत असावेत. मग पांढरा, पिवळ्या तुऱ्याचा कॉकाटू. तो ताठ पंखांनी चार झटके मारतो, मध्येच तरंगतो, पुन्हा झटके, सगळा अडखळत चाललेला कारभार. मग गुलाबी-राखाडी गलाह. मोकळ्या माळावरून थवा सुसाट जातो, मध्येच कलंडतो, आडवा होतो, उगाचच. आणि शेवटी आमचा कॉकाटील, लांब टोकदार पंखांचा, तिरासारखा.

काकाजींनी निकाल दिला. “काळा म्हंजे गावचा पाटील. त्याले कुठी जायची घाई नाई. पांढरा त झटके येणारा. गुलाबी वाया गेलेलं पोट्टं. अन् आपला भाऊ कामाचा माणूस.”

मी म्हटलं, ऑस्ट्रेलियाला कशाला जाता, पोपटांतच हा सगळा मामला बघायला मिळतो. आणि आमच्या वादाला खरं तोंड इथं फुटलं.

विदर्भात तीन तऱ्हेचे पोपट बघायला मिळतात. एक आपला नेहमीचा, नराच्या गळ्यात गुलाबी कंठ असलेला, वजन सव्वाशे ग्रॅमच्या आसपास. दुसरा पहाडी पोपट, खांद्यावर तांबडा ठिपका, चोच लालभडक आणि बाकदार, वजन त्याच्या दुप्पट. तिसरा टिपेश्वरसारख्या सागाच्या जंगलात भेटणारा छोटा तुईया, नराचं डोकं पिकलेल्या जांभळासारखं, वजन साठ-सत्तर ग्रॅम. तिघेही हिरवे, तिघांच्याही शेपट्या लांब, तिघेही उडताना ओरडतात. पण उडणं तीन प्रकारचं. तुईया झाडांच्या फांद्यांतून अंग चोरत, वळणं घेत सुळकन निघून जातो, आपण “तो बघ” म्हणेपर्यंत बघण्यासारखं काही उरत नाही. कंठवाला सरळ रेषेत, घाईघाईनं, आरडाओरडा करत जातो. आणि पहाडी मोठ्या संथ फटकाऱ्यांनी, डौलात.

“म्हंजे पहाडी हळू उडते,” काकाजी म्हणाले.

“नाही.”

“अरे, दिसून रायलं ना!”

इथंच गंमत आहे. एखाद्या पक्ष्याची सगळी मापं दुप्पट केली, लांबी दुप्पट, रुंदी दुप्पट, जाडी दुप्पट, तर पंखाचं क्षेत्रफळ चौपट होतं, पण वजन आठपट होतं. म्हणजे पंखाच्या दर चौरस इंचावर दुप्पट भार आला. तो भार तोलून धरायचा तर पंखावरून हवा जास्त वेगानं जायला हवी, म्हणजेच पक्ष्यानं जास्त वेगानं उडायला हवं, हिशेबानं दीडपटीला थोडं कमी. तेव्हा मोठा पक्षी लहान पक्ष्यापेक्षा वेगानंच जाणार, निदान हळू तरी नाही. मात्र लांब पंख हलवायला वेळ लागतो, म्हणून त्याची फडफड कमी. आपला डोळा वेग मोजत नाही, फडफड मोजतो. चिमणीचे पंख दिसेनासे होतात, म्हणून ती आपल्याला घाईत वाटते. बगळ्याचे पंख मोजता येतात, म्हणून तो निवांत वाटतो. दोघांची शर्यत लावली तर चिमणीनं फार आशा धरू नये.

काकाजींनी हे ऐकून घेतलं आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “आमच्या टायमाले एक हेडक्लार्क होता. दिवसभर फाइली इकडून तिकडं. घाम. साहेब म्हणे, काय काम करते हा माणूस!” पुढचं त्यांनी सांगितलं नाही, पण त्या हेडक्लार्कची ग्रेड त्या संध्याकाळी उतरली एवढं नक्की.

वजनाचा हिशेब झाला तरी सगळं संपत नाही. काळ्या कॉकाटूचे पंख नुसते मोठे नाहीत, रुंदही आहेत. रुंद, गोलसर पंखावर भार विखुरतो, उंच झाडांच्या शेंड्यांवरून आरामात जाता येतं, फांदीवर अलगद उतरता येतं. खाणं झाडावरच, घरही झाडाच्या ढोलीत, मग पळायचं कशाला? कॉकाटीलला पाणी आणि गवताचं बी शोधत कोरड्या मुलखातून लांबलांब जावं लागतं, म्हणून पंख अरुंद आणि टोकदार, हवेला कमी अडणारे. टोकदार पंख वेगाला चांगला, पण दाटीत आखडता येत नाही. गोल पंख दाटीत चांगला, पण लांबच्या वाटेला महाग. दोन्ही गोष्टी एकाच पंखात बसत नाहीत. कापसातही लांब धागा आणि भरघोस उतारा एकाच वाणात सहसा भेटत नाही, एवढं सांगितल्यावर काकाजींनी मान डोलावली. सगळ्या व्याख्यानात त्यांना पटलेलं पहिलं वाक्य ते.

आता कंठवाला पोपट. त्याच्या सरळ उडण्याचं कारण बघायला जिल्ह्यातल्या कुठल्याही ज्वारीच्या शेताच्या बांधावर उभं राहावं. कणसात दाणा भरला की पहाटे थवा येतो. पोपट रात्रीला शेकड्यांनी एका जागी, एखाद्या मोठ्या झाडावर जमतात, आणि सकाळी तिथून चरायला निघतात. झाड एकीकडे, शेत दुसरीकडे, रोजची ये-जा. ज्याला रोज लांबच्या ठिकाणी जाऊन यायचं आहे, तो वाटेत कोलांट्या मारत बसत नाही. शिवाय शेतकरी गोफण घेऊन मचाणावर. पोपट खातो थोडं आणि पाडतो फार, चोचीत धरलेल्या कणसाचे चार दाणे खाऊन बाकीचं टाकून पुढच्यावर जातो. तुरीचंही तसंच. त्यामुळे शेतकऱ्याच्या गोफणीला जोर येतो आणि पोपटाच्या पंखाला वेग. शेतकऱ्याचं एक साधं निरीक्षण पुस्तकापेक्षा नेमकं असतं : येताना पोपट बोंबलत येते, कणसावर बसला की चिडीचूप.

वेडा राघू या घराण्यातला नव्हे. तो तारेवर बसतो, एखादी मधमाशी दिसली की झेप घेतो, हवेतच तिला पकडतो आणि पंख पसरून तरंगत पुन्हा त्याच तारेवर, त्याच जागी. काकाजींनी त्याला बघितल्याबरोबर सुपर दिली. “बायकोनं सांगितलं अन् गेला, आणलं, वापस आला. वेडा काहून म्हणते त्याले?” काकीजी आतून म्हणाल्या, “म्हणूनच.”

पंख न हलवणं हे जर ऐदीपणाचं टोक, तर एकाच जागी हवेत पंख हलवत उभं राहणं हे मेहनतीचं टोक. आमच्या कपाशीच्या शेतांवर एक पांढरा-राखाडी शिकारी पक्षी दिसतो, त्याचं नावच कापशी. लाल डोळ्यांची ही कापशी उंदीर शोधताना हवेत एका ठिकाणी थांबते, तोंड वाऱ्याकडे, खाली नजर. वारा समोरून आला की तो पंखांना उचलून धरतो आणि तिचे कष्ट निम्मे होतात. वारा पडला की तिला फडफडावं लागतं आणि मग ती फार वेळ थांबत नाही, जाऊन बाभळीच्या शेंड्यावर बसते. काकाजींना तिची ग्रेड ठरवताना त्रास झाला. एक तर ती कापसावर, त्यातून नाव कापशी, त्यातून उंदरावर. म्हणाले, “हिला ग्रेड मी कोण देणारा, ही त आपल्याच खात्यातली.”

जुन्या इमारतींच्या छताखाली पाकोळ्या घरटी करतात. संध्याकाळी त्यांचे थवे किंचाळत इमारतीला फेऱ्या मारतात. विळ्यासारखे पंख, पाय इतके इवलेसे की तारेवर बसताच येत नाही, फक्त भिंतीला लटकता येतं. त्यांच्या युरोपातल्या एका चुलतभावंडाला स्वीडनच्या लुंड विद्यापीठातल्या संशोधकांनी छोटी यंत्रं बांधली आणि 2016 मध्ये जाहीर केलं की हा पक्षी वर्षातले दहा महिने जमिनीला टेकलाच नाही तरी चालतं.

“दहा महिने? झोपते कुठी?”

“हवेतच झोपत असावा.”

काकाजींना यात विशेष वाटलं नाही. यवतमाळ-नागपूर एसटीत त्यांनी उभ्यानं झोप काढलेली आहे.

वजन वाढत गेलं की उडणं कठीण होत जातं, याचं आमच्या भागातलं शेवटचं टोक म्हणजे माळढोक. वणीच्या पलीकडे, वर्धा नदी ओलांडली की चंद्रपूरच्या वरोरा भागात तो होता. नर पंधरा किलोपर्यंत भरतो, उडणाऱ्या पक्ष्यांत याहून जड फारच थोडे. एवढं धूड हवेत न्यायचं म्हणजे पल्लेदार पंख, दमदार स्नायू आणि उड्डाणानंतर एकदम वळण न घेण्याची शपथ. त्यात या जातीच्या पक्ष्यांचे डोळे बाजूला असतात, समोरचं नीट दिसत नाही, आणि समोर असतात विजेच्या तारा. यावर काकाजी काही बोलले नाहीत, मीही नाही.

मोर त्यामानानं नशीबवान. तोही जड, तोही तित्तराच्याच घराण्यातला, तोही फक्त झाडावर चढण्यापुरता उडतो, पण एकदा झाडावर चढला की खाली येताना त्याचा जो थाट असतो तो बघून काकाजी दर वेळी ग्रेड वाढवतात. मी म्हणतो, काकाजी, शेपटीचं उडण्याशी काही नातं नाही, उलट ती अडचणच. ते म्हणतात, “नवरदेव घोड्यावर बसते तेव्हा त्याचा शेला काही घोडा हाकलत नाई.”

माणसांचं म्हणाल तर यवतमाळलाही विमानतळ आहे. धावपट्टी आहे, बाकी सगळं आहे, नियमित प्रवासी विमान काही अजून लागलेलं नाही. अशी मोकळी, सपाट, कुणी न येणारी जागा टिटवीला फार आवडते. टिटवी तिथं जमिनीवर अंडी घालते आणि कुणी जवळ आलं की गोंधळ करून उठते, पंख हळू, आवाज मोठा. नियमित उड्डाणांची तेवढी सोय झालेली आहे.

राहिले हिवाळी पाहुणे. विदर्भातल्या तलावांवर पट्टकदंब हंस येतात, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले, मध्य आशियातून हिमालय ओलांडून. लोकांना वाटतं, ते एकदा उंची घेऊन सरळ रेषेत पार होत असतील. संशोधकांनी त्यांच्यावर यंत्रं बांधून 2015 मध्ये दाखवलं की ते तसं करत नाहीत. डोंगर आला की चढतात, दरी आली की उतरतात, पुन्हा चढतात. वर हवा विरळ, तिथं पंख मारणं महाग, त्यामुळे उतरून पुन्हा चढलं तरी एकूण हिशेबात स्वस्त पडतं. काकाजींनी विचारलं, “आपल्याकडे येते कशाले एवढ्या लांबून?” मी म्हटलं, खायला. थंडीत तिथं बर्फ, इथं गवत आणि शेतातला हिरवा चारा. “म्हंजे विदर्भात पोट भरायले येणारा कोणी आहे तर,” काकाजी म्हणाले आणि त्यांना बरं वाटलं.

त्यावरून लांबच्या प्रवासाची गोष्ट निघाली आणि मी टिपेश्वरच्या वाघाची सांगितली. कॉलर बांधलेला तरुण नर, 2019 च्या जूनमध्ये टिपेश्वर सोडून निघाला. तेलंगणात डोकावला, मग जिल्ह्यामागून जिल्हे ओलांडत, शेतं, नद्या, महामार्ग पार करत, बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यापर्यंत गेला. कॉलरच्या नोंदींवरून सगळी मिळून 3000 किलोमीटरच्या आसपास चाल भरली. लोकांनी त्याचं नावच वॉकर ठेवलं. आमच्या जिल्ह्यातून एवढ्या लांब कुणी निघालं असेल तर ते पायीच.

काकाजी खुर्चीत पुढं सरकले. “गेला कशाले?”

“स्वतःचा इलाका आणि वाघीण शोधायला.”

“भेटली?”

“ज्ञानगंगात वाघीणच नव्हती.”

काकाजींनी चिमटीत नसलेला कापूस दोन अंगठ्यांनी ताणून बघितला. “पाय आता. पोपट राह्यला असता त सांजच्याले झाडावर वापस आला असता.”